कोंबड्या झोपल्या आहेत

निवृत्त झाल्या दिवशीच विजयसिंहआबांनी बायकोला सांगून टाकलं होतं, "मुक्ता, उद्यापास्नं मला सातच्या आत कुणी उठवायचं न्हाय. घराला आग लागली तर आधी शेजारच्याला हाक मारायची."

मुक्ताबाईंनी मान डोलावली. त्यांना हे मागणं वावगं वाटलं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आबांनी चौतीस वर्षं काढली होती. हंगामात पहिली पाळी पहाटे चारला लागायची, म्हणजे तीनला उठणं आलं. कधी भोंगा उठवायचा, कधी गजर, कधी ट्रॅक्टरवाल्यांची रांग. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तर कारखान्याचा शिपाई सायकलवरून येऊन खिडकी वाजवून गेला होता, कारण काट्यावरचा दुसरा माणूस आजारी पडला होता. आबांना झोपेचं एवढं वेड नव्हतं. पण उठणं कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात राहिलं, हे त्यांना आत कुठंतरी खुपत होतं.

बारामतीतल्या शिवप्रभा कॉलनीत त्यांनी घर बांधलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी दोनच खरेद्या केल्या. एक कापसाची जाड गादी आणि दुसरा चॉकलेटी रंगाचा पडदा. दुकानदारानं पडद्यामागं टॉर्च लावून दाखवली होती, एक ठिपका बाहेर आला नव्हता. त्या पडद्याआड आबा सहा दिवस सातपर्यंत झोपले. उठून चहा घेताना त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज असायचं, की मुक्ताबाईंनी दोनदा विचारलं, "बरं हाय न्हवं?"

सातव्या दिवशी शेजारच्या नव्या बंगल्यापुढं टेंपो लागला.

नवीन मंडळी भली होती. समाधान पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता, त्याची बायको प्रियदर्शनी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. टेंपोतून पुस्तकांचे खोके उतरले, फ्रीज उतरला, बाबासाहेबांची मोठी तसबीर समाधाननं स्वतःच्या हातानं आत नेली. शेवटी ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून समाधानची आई ताईबाई उतरली. ती थेट इंदापूर तालुक्यातल्या शेळगावहून मांडीवर डालगं घेऊन बसली होती. डालग्यात सात कोंबड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी आबांना जाग आली. आधी एकीनं घसा साफ केल्यासारखं केलं. मग दुसरीनं तिला काहीतरी विचारलं. तिसरीला ते पटलं नसावं. पाच मिनिटांत सातीजणी अशा बोलायला लागल्या, की आबांना उसाच्या नोंदीवरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांची आठवण झाली. खुराडं दोन घरांमधल्या कंबरेएवढ्या भिंतीला लागूनच होतं आणि आबांची खिडकी बरोबर त्याच्यावर.

आबा बंडीवरच बाहेर आले. ताईबाई पायरीवर बसून दात घासत होती.

"ताईबाई, तुमचा कोंबडा लय लवकर आरवतो."

"कोंबडा न्हायच आमच्याकडं, आबा. सातीच्या साती कोंबड्या हायत."

"मग आरवतंय कोण?"

"आरवत न्हायत. बोलत्यात त्या."

"काय बोलत्यात एवढं?"

ताईबाईनं क्षणभर कान दिला. "दार उघडा म्हणत्यात."

"मग उघडा की."

"उघडलं की गप हुत्यात. मग अंडं घालत्यात. आन् अंडं घातलं की समद्या गल्लीला सांगत्यात. ते ह्याच्यापरीस मोठ्यानं असतंय."

आबांना राग आला होता, पण तो काढावा कुणावर हे कळेना. त्यांनी चौतीस वर्षांची हकीकत सांगितली. भोंगा, शिपाई, सायकल, सगळं. ताईबाईनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि गंभीरपणे म्हणाली, "म्हंजे तुमची झोप राहिलीया. आमच्याकडनं तुमाला तरास व्हायला नको. करू कायतरी."

त्या संध्याकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही घरं उभी राहिली. प्रियदर्शनीनं शास्त्र सांगितलं. कोंबडीला वेळ कळते ती उजेडावरून. डोळ्यांवर उजेड पडला की तिचा दिवस सुरू. पडलाच नाही तर तिच्या लेखी रात्रच असते. "खुराड्यात पूर्ण अंधार ठेवला तर त्या सातपर्यंत काय, नऊपर्यंतही गप्प राहतील," ती म्हणाली.

मग ताईबाईनं खुराड्यावर पोती टाकली. दुसऱ्या दिवशी पाच पंचवीसला बोलणी सुरू झाली. पोत्यांच्या विणीतून उजेड आत जात होता. शेतात वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद लावला, तर तो वाऱ्यानं फडफडला आणि कोंबड्या तीनलाच उठल्या. तिसऱ्या दिवशी आबा आपल्या खोलीत गेले, बराच वेळ पडद्याकडं बघत उभे राहिले, आणि मग स्टुलावर चढून त्यांनी तो काढला.

"आवो, आता तुमच्या खोलीत उजेड पडंल की," मुक्ताबाई म्हणाल्या.

"उजेडाचं मी बघतो. आवाज बंद झाला पायजे."

चॉकलेटी पडदा खुराड्याला असा बसला, जणू त्याच्याच मापानं शिवला होता. पुढच्या सकाळी पावणेसहाला आबा उजेडानं जागे झाले, पण कोंबड्यांचा आवाज नव्हता. ते उशीत तोंड खुपसून हसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ज्ञानेश दूधवाल्याची मोटारसायकल आली, कॅनवर कॅन आपटला, आणि पडद्याआडून सातीजणींनी एकदम तोंड उघडलं.

उजेडाचा बंदोबस्त झाला होता. आता आवाजाचा करायचा होता.

कोण कोण कोंबड्यांना उठवतं हे शोधायचं तर त्यांच्या आधी उठायला हवं. आबांनी साडेचारचा गजर लावला. पहाटेचं गार वारं आणि वर डास, म्हणून कानटोपी, मफलर आणि घोंगडं घेऊन ते आपल्या बाजूला भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी त्यांना कळलं की कोंबड्यांच्या झोपेवर अख्खी कॉलनी उठली आहे. ज्ञानेशचे कॅन. पेपरवाल्यानं फेकलेला पेपर. कोपऱ्यावर टाळ्या वाजवून हसणारा हास्यक्लब. स्वतः आबांच्या फाटकाची कडी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नगरपालिकेची घंटागाडी, जी साडेसहाला कर्ण्यावर स्वच्छतेचं गाणं लावून यायची.

त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली.

"ज्ञानेश, गाडी कोपऱ्यावरच बंद करायची आन् ढकलत आणायची. कॅनला पोतं गुंडाळायचं."

"का वो आबा? कुणी आजारी हाय का?"

"कोंबड्या झोपल्यात."

"तुमच्या?"

"शेजारच्या."

ज्ञानेशनं थोडा विचार केला. "आन् त्या उठल्या तर?"

"तर मी उठतो."

"पर आबा, तुमी तर उठून बसलायच की."

आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं मुकाट्यानं पोतं आणायचं कबूल केलं. काट्यावर चौतीस वर्षं बसलेल्या माणसाच्या नजरेत वजन असतंच, शिवाय ज्ञानेशच्या बापाचा ऊस कधी एक किलोनं कमी भरला नव्हता, हे त्याला माहीत होतं.

पेपरवाला पेपर हातात आणून द्यायला लागला. हास्यक्लबवाल्यांशी दोन दिवस बोलणी चालली. हसणं तर बंद करता येत नव्हतं, ती डॉक्टरनं सांगितलेली गोष्ट होती. अखेर असं ठरलं की सातच्या आत तोंड मिटून हसायचं. त्यानंतर रोज पहाटे कोपऱ्यावर अकरा म्हातारी माणसं गोल करून उभी राहायची, खांदे गदगदा हलवायची आणि नाकातून सूं-सूं करायची. घंटागाडीवरचा भीमा समजूतदार निघाला. तो चौकातच गाणं बंद करायचा आणि गल्लीत दारोदारी बोटानं टकटक करून कचरा मागायचा. आबांनी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली आणि आपल्या भिंतीवर ठोकली. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात 'शांतता राखा', खालच्या ओळीत 'कोंबड्या झोपल्या आहेत'. सातच्या आत सगळ्यांनी मोबाइलचा आवाज बंद ठेवायचा, हेही त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. आणि गंमत म्हणजे लोकांनी ऐकलं. नाही कसं म्हणायचं, हेच कुणाला सुचलं नाही. माणूस एवढ्या काकुळतीनं सांगतोय, त्याअर्थी काहीतरी असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

बंड केलं ते फक्त मुक्ताबाईंनी. कुकरची शिट्टी बंद, मिक्सर बंद, फोडणीसुद्धा सातनंतर.

"तुमच्या झोपंपायी मी माझ्याच घरात चोरासारखी फिरतीया," त्या कुजबुजल्या. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "आन् तुमी झोपताय कुठं? साडेचारला उठताय!"

"जरा दम धर. एकदा बसलं समदं, की मग झोपायचंच हाय."

दुसऱ्या दिवसापासून मुक्ताबाई साडेसहाला डाळ-तांदूळ आणि कुकर पिशवीत घालून दोन गल्ल्या पलीकडं आपल्या मैत्रिणीच्या, सिंधुबाईंच्या घरी जायला लागल्या. तिथं मनसोक्त शिट्ट्या काढायच्या, पोटभर मोठ्यानं बोलायचं आणि नऊ-सव्वानऊला शिजलेला कुकर घेऊन परत यायचं.

ताईबाई मात्र रोज पाचला पायरीवर येऊन बसायची. भिंतीच्या अल्याडपल्याड दोघं हळू आवाजात बोलायची.

"ह्या कोंबड्या हव्यातच का तुमाला, ताईबाई?" आबांनी एकदा विचारलं. "म्हंजे, राग मानू नका."

"राग कसला." तिनं पदर सावरला. "मालक गेल्यावर लेक म्हणला, आई, आता काय काम करायचं न्हाय तू. सूनबाई पण गुणाची. सैपाकाला बाई हाय, धुण्याला मशीन हाय. मला समदे म्हणत्यात, बसा. सकाळी उठून कुणीतरी माझ्याकडं कायतरी मागितलं पायजे का नको, आबा? ह्या मागत्यात."

चौतीस वर्षं कुणी ना कुणी त्यांच्याकडं पहाटे काहीतरी मागत होतं आणि ते वैतागत होते. इथं एक बाई तेवढ्यासाठी सात कोंबड्या मांडीवर घेऊन आली होती. पण त्यांनी तो विचार फार लांबवला नाही, कारण तेवढ्यात पलीकडच्या आळीत कुणीतरी शिंकलं आणि पडद्याआड खुडबुड झाली.

असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी, मंगळवारी, सगळं जुळून आलं. ज्ञानेश गाडी ढकलत आला आणि गेला. हास्यक्लब नाकानं हसून घरी गेला. समाधान आणि प्रियदर्शनी चपला हातात घेऊन फाटकाबाहेर पडले, गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली आणि मगच सुरू केली. साडेसहा वाजले तरी पडद्याआड पिसाचाही आवाज नव्हता. मुक्ताबाई कुकर घेऊन निघून गेल्या. आबांची छाती भरून आली. आज सात वाजणार होते.

आणि चौकातून स्वच्छतेचं गाणं गल्लीत शिरलं.

भीमा त्या दिवशी रजेवर होता. त्याच्या जागी दुसराच कुणी गाडी घेऊन आला होता, त्याला या गल्लीचं काही माहीत नव्हतं. आबा घोंगडं टाकून अनवाणी धावले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभे राहिले. तोंडातून शब्द काढायची तर बंदी, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, ते बावीस दिवसांच्या जागरणाचं. गाडीवाल्यानं समोर बघितलं. रडवेला म्हातारा. दारादारांत अनवाणी, गप्प उभी असलेली माणसं. कुणी बोलत नव्हतं, कुणाच्या घरातून फोडणीचा वास येत नव्हता. त्यानं चटकन गाणं बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली, आबांना हात जोडले आणि गाडी मागच्या मागं घेत निघून गेला.

आबा खुर्चीत येऊन बसले. कोंबड्या उठल्या नव्हत्या. त्यांनी कानटोपी खाली ओढली, मफलर नाकापर्यंत घेतला, घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं, आणि सात वाजायची वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

पुढचं सगळं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

सातला ताईबाई पडदा उघडायला आली, तर आबा झोपलेले. उघडलं की अंडी, आणि अंड्यांमागून आरडाओरडा. तिला ते जिवावर आलं. घटकाभर राहू देत अंधारात, असं म्हणून ती कोंबड्यांसाठी कोबीचा पाला आणायला मंडईत निघून गेली.

इकडं बदली गाडीवाल्यानं पुढच्या वळणावर कुणालातरी सांगितलं, "त्या शिवप्रभामधी कुणीतरी गेलंय. नव्या बंगल्याशेजारच्या घरात." ज्याला सांगितलं तो होता कारखान्यातला निवृत्त फिटर. नव्या बंगल्याशेजारचं घर म्हणजे विजयसिंहआबांचं. त्यानं आबांना फोन लावला. फोनचा आवाज बंद. मुक्ताबाईंना लावला. त्यांचाही बंद, आणि वर सिंधुबाईंकडं शिट्ट्या चालू. दोघंही फोन उचलत नाहीत म्हटल्यावर त्याची खात्रीच झाली. सात वाजून दहा मिनिटांनी कारखान्याच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुलाबाच्या फुलाखाली मजकूर पडला: विजयसिंहआबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्यविधीची वेळ दिल्याशिवाय असा मजकूर अर्धवट दिसतो, म्हणून कुणीतरी खाली लिहिलं, सकाळी दहा वाजता. आबांची मुलगी संस्कृती नाशिकला होती आणि तिच्यापर्यंत हे पोचलं नाही, हे एक नशीबच.

आठपासून माणसं यायला लागली. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे. लोणी भापकरहून कारखान्याच्या गाडीवरचे दोघं आले. कॉलनीत पाऊल ठेवताच ती शांतता त्यांच्या अंगावर आली आणि तेही पाय न वाजवता चालायला लागले. फाटक उघडं होतं. भिंतीशी खुर्चीत आबा बसल्या जागी होते, घोंगडं गळ्यापर्यंत, चेहरा जवळजवळ झाकलेला. मागच्या भिंतीवर पाटी होती. पहिल्या आलेल्या माणसानं आपली पिशवी तिच्या मधल्या खिळ्याला अडकवली, त्यात खालची ओळ झाकली गेली. वर राहिलं एवढंच: शांतता राखा.

"खुर्चीतच गेला," एकजण पुटपुटला. "कुणाला तरास दिला न्हाय."

"आयुष्यभर न्हाय दिला."

"मुक्तावहिनी कुठायत?"

"दवाखान्याचा कागद आणाय गेल्या असत्याल. त्या येईपातूर हात लावू नका कुणी."

सांगवीहून चुलतभाऊ हणमंतराव आला. नऊ वर्षांपूर्वी संस्कृतीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव निमंत्रकांऐवजी खाली 'आपले नम्र'मध्ये पडलं होतं, तेव्हापासून तो आबांशी बोलत नव्हता. आला तो शेवंतीचा भलामोठा हार घेऊनच. सगळ्यांच्या पुढं होऊन त्यानं तो आबांच्या गळ्यात घातला, तिथंच उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "इज्या, चुकलं माझं. पत्रिका काय, कागद हुता रं." आणि टोपी डोळ्यांना लावून तो मुसमुसला.

नऊ वाजून गेल्यावर इंदापूरहून जीप आली. आबांची धाकटी बहीण कालिंदी उतरली, तिला दोन बायकांनी धरलं होतं. कॉलनीचे नियम तिला कुणी सांगितले नव्हते. फाटकातूनच तिनं जो हंबरडा फोडला, "दादाऽऽ," त्यानं बावीस दिवसांची सगळी मेहनत एका क्षणात पाण्यात गेली. चॉकलेटी पडद्याआडून सातीच्या साती कोंबड्यांनी एकदम कल्ला केला. पडद्यामागं काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. माणसं दचकून मागं सरली. कालिंदी भावाच्या गुडघ्यांवर कोसळली होती.

मफलरच्या आतून आवाज आला, "ताईबाई, किती वाजता उठल्या?"

लोणी भापकरचे दोघं फाटकाबाहेर पोचले होते. हणमंतराव बसल्या जागी मागं कलंडला. आबांनी कानटोपी वर केली. समोर तीसेक पांढऱ्या टोप्या होत्या, मांडीवर बहीण, गळ्यात शेवंती.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

कालिंदीनं वर बघितलं, भावाच्या तोंडाला दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, आणि मग त्याच हातांनी त्यांच्या छातीवर, खांद्यावर, जिथं बसतील तिथं बुक्क्या मारायला लागली. "मेल्या! जीपवाला म्हणला बाई पाणी प्या, मी पाणी न्हाय प्याले! इंदापूरपास्नं रडत आलीया मी!" आबा मार खात बसले. फिटरनं पुढं होऊन मोबाइल दाखवला, गुलाबाचं फूल, एक्केचाळीस जोडलेले हात. आबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग मोबाइलच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. नऊ वाजून अठरा मिनिटं.

"म्हंजे मी अडीच तास झोपलो?" ते म्हणाले. "तुमी समदे आला, बोलला, हार घातला, आन् मला जाग न्हाय आली?"

तेवढ्यात फाटकातून मुक्ताबाई आल्या, हातात गरम कुकर. गर्दी बघून त्या थबकल्या. पांढरे सदरे बघितले, नवऱ्याच्या गळ्यातला हार बघितला. तोंड उजळलं.

"अगं बया! कुणी सांगितलं बी न्हाय. सत्कार हाय व्हय आज?"

खरं काय ते कळल्यावर त्या कुकरसकट पायरीवर बसल्या, आणि नंतर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. आबांना ते बुक्क्यांपेक्षा जास्त लागलं.

आलेल्या माणसांना तसंच कसं लावून द्यायचं? पण चूल पेटवायची गरज पडली नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून चार घरांतून पिठलं-भाकरीचे डबे आलेच होते. अंगणात पंगत बसली. सवयीनं सगळे कुजबुजतच जेवत होते. ताईबाई मंडईतून कोबीच्या पाल्याचं पोतं घेऊन आली आणि भिंतीवरून बघतच राहिली.

"काय झालं वो आबा?"

"काय न्हाय. मी गेलो हुतो."

"मग?"

"आलो."

ताईबाईनं पडदा बाजूला केला, कोंबड्या बाहेर आल्या, आणि तासाभरात त्या सातींपैकी पाचजणींनी अंडी घालून सगळ्या पाहुण्यांना ओरडून सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावून दाद दिली. संध्याकाळी ताईबाई भिंतीशी आली आणि म्हणाली, "आबा, एवढं माझ्या कोंबड्यांपायी झालं. मी त्यांना शेळगावला पाठवून देते, पुतण्याकडं."

"न्हाय, न्हाय," आबा म्हणाले. "पाठवू नका. आन् उद्यापास्नं कुणाला काय सांगू बी नका. माणसं बिचारी बोलायची बंद झाल्यात."

पाटी मुक्ताबाईंनीच उतरवली आणि उलटी करून तिच्यावर कुरडया वाळत घातल्या. हास्यक्लबाला तोंड उघडून हसायची परवानगी मिळाली, तरी त्यातल्या दोघांना नाकानं हसायची जी सवय लागली ती काही सुटली नाही. आबांना अजूनही साडेचारला जाग येते. ते खुर्चीत जाऊन बसतात, ताईबाईशी गप्पा मारतात, आणि दूध आलं, पेपर आला, घंटागाडीचं गाणं सुरू झालं की त्या सगळ्या गोंगाटात मान टाकून झोपतात. कधी आठ वाजतात, कधी नऊ.

त्या मंगळवारी सगळे गेल्यावर हणमंतराव मात्र मागं राहिला होता. दोघं भिंतीशी चहा घेत बसले.

"हण्म्या," आबा म्हणाले, "ते पत्रिकेचं तू माफ केलंस, ऐकलं मी. म्हंजे आत्ता लोकांनी सांगितलं."

हणमंतरावानं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली. "ते मेलेल्याला केलं हुतं," तो म्हणाला. "जित्याचं बघावं लागंल." आणि घरी जाताना ताईबाईकडं चार अंडी मागायला गेला.